राजा तीन रात्री मुक्कामाला होता

ब्लागोटा रादुनोविचच्या घरावर पितळी फलक लागला असता तर त्याला नेमकं काय मिळालं असतं, याचा हिशेब आधी मांडलेला बरा. पितळ मिळालं असतं हे उघड आहे, आणि तेही गावच्या फलक समितीच्या खर्चाने. उन्हाळ्यात वरच्या लहान खोलीत उतरणाऱ्या पाहुण्यांनी भाड्यात घासाघीस सुरू केली की नुसतं बोट भिंतीकडे दाखवता आलं असतं. कॉफीच्या दुकानात शिरताना आधी इतरांनी मान हलवली असती आणि मग त्याने, सवडीने. पण या सगळ्या किरकोळ जमा. खरी मिळकत होती ती शेजारच्या क्रस्टोचं तोंड.

क्रस्टोच्या घरावर फलक लागून आठ वर्षं झाली होती. 'या घरात परदेशी वकिलातीचा मुख्य आचारी राहत असे.' आचारी. वकील नव्हे, वकिलाचा चिटणीस नव्हे, कांदे चिरणारा माणूस. तरीही आठ वर्षं ब्लागोटा रोज सकाळी त्या फलकाखालच्या बाकावर बसून क्रस्टोची कॉफी पीत होता आणि रोज तो फलक पुसला गेल्याचं त्याला दिसत होतं. बोलायची सोय नव्हती, कारण क्रस्टो त्याचा कूम, म्हणजे धर्माने जोडलेला नातेवाईक. ब्लागोटाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी क्रस्टोने हातांवर घेतलं होतं, ब्लागोटाच्या बापाला क्रस्टोच्या आजोबांनी, आणि असंच मागे मागे पणजोबांपर्यंत. सख्ख्या भावाला कोर्टात खेचता येतं. कूमशी आवाज चढवून बोललेलं मात्र लोव्चेन डोंगराला आवडत नाही, असं त्सेटिन्ये गावात मानतात.

त्सेटिन्येतून राजधानी हलून शंभर वर्षं झाली, पण गावाला ते अजून कोणी कळवलेलं नाही. दोन मिनिटांच्या चालीवर चार वकिलातींच्या इमारती लागतात, आणि टोपी घातलेला प्रत्येक म्हातारा आपल्या आजोबांना राजवाड्यात कुठल्या दाराने घेत असत ते सांगू शकतो. ब्लागोटा तर जमीन-नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं कारकून होता, त्यामुळे त्याला सांगायला आधार नसला तरी सांगण्यात शिस्त होती. पाहुणे नाश्त्याला बसले की तो राजघराण्याच्या नवलाच्या गोष्टी क्रमाने काढायचा. एका सत्ताधीशाने बिलियर्डचं टेबल कोटोरच्या बंदरातून माणसांच्या पाठीवर डोंगर चढवून कसं आणवलं. शेवटचा प्रिन्स झाडाखाली बसून लोकांचे तंटे कसे सोडवायचा. आणि त्याने मुली अशा ठिकाणी दिल्या की अख्खा युरोप त्याला सासरा म्हणायला लागला. 'पन्नास वर्षं प्रिन्स होता,' ब्लागोटा सांगायचा, 'आणि १९१० च्या ऑगस्टमध्ये राजा झाला.' हे वाक्य तो उन्हाळ्यात रोज म्हणत असे. म्हणून तर त्याच्या हातून जे झालं ते अक्षम्य.

त्याची बायको विदोसावा हिला राजघराण्यात रस नव्हता. तिला न्हाणीघर हवं होतं. घर जुन्या पद्धतीचं. राहणं सगळं वर, आणि न्हाणीघर खाली, ब्लागोटाच्या राकिया दारूच्या पिंपांच्या खोलीला लागून. मध्ये बाहेरून चौदा दगडी पायऱ्या, आणि गावाला पाऊस असा की शेवाळाला सुट्टी मिळत नाही. मागच्या हिवाळ्यात ती सहाव्या पायरीवरून पहिलीवर एकदम पोचली. तेव्हापासून उजवा गुडघा हवामान सांगायला लागला. शेवटी ब्लागोटाने शब्द दिला, गवंडी ठरला, सप्टेंबरच्या आत वरती न्हाणीघर होणार होतं. नळ न्यायला माळा मोकळा करायचा होता. ब्लागोटा माळ्यावर चढला आणि पणजोबा माशानची वही घेऊन खाली आला.

घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे माशान रादुनोविच 'दरबारच्या मालाची व्यवस्था बघत असे'. वही ओलीने फुगून पावासारखी झालेली, पानं एकमेकांना चिकटलेली. एकच जोडपान उघडत होतं. त्यावर १९०८ सालच्या वसंतात माशानने लिहिलं होतं :

'राजा कोटोरहून संध्याकाळी आला. भिजला होता. खालच्या खोलीत निजला. तीन रात्री राहिला. खाणं उत्तम, स्वभाव वाईट. चौथ्या दिवशी आपणहून निघाला.'

ब्लागोटाने ते चार वेळा वाचलं. मग हात धुतले आणि पाचव्यांदा वाचलं.

आता कोणी म्हणेल, राजाबद्दल कोणी असं लिहितं का, 'आला' नि 'निजला'? दुसऱ्या कुठल्याही मुलखात हीच पहिली शंका आली असती. पण इथल्या लोकांना सर्वांत जास्त अभिमान आहे तो याचाच, की त्यांच्या वाडवडिलांनी डोक्यावरच्या माणसालाही कधी 'तुम्ही' म्हटलं नाही. झाडाखाली न्याय मागायला आलेला धनगरही सरळ 'ऐक रे स्वामी' म्हणून सुरुवात करायचा. त्यामुळे 'आला' वाचून ब्लागोटाचा संशय वाढला नाही, छाती वाढली.

'हे बघ,' तो विदोसावाला म्हणाला, 'स्वभाव वाईट. तोंडावर लिहिलंय. आमच्या घराण्यात खुशामत नाही.'

विदोसावाने चष्मा लावून वाचलं. 'खालच्या खोलीत का निजला?' तिने विचारलं. 'खाली तर शेळ्या असायच्या.'

'तीन रात्री बाहेर काढल्या असतील. तुझ्याकडे राजा आला तर तू शेळ्या काढणार नाहीस?'

'माझ्याकडे राजा आला तर मी त्याला वर घेईन. पायऱ्या चढायला त्याला काय गुडघे नव्हते?' असं म्हणून तिने वही परत दिली आणि गवंडी सोमवारी नक्की येणार ना, एवढंच विचारलं.

गवंडी सोमवारी आला, पण त्याआधी शुक्रवारी ब्लागोटाने फलक समितीकडे अर्ज दिला होता. चौतीस वर्षं लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत केलेल्या माणसाचा स्वतःचा अर्ज तीनदा परत आला. पहिल्यांदा शाईचा रंग चुकला. दुसऱ्यांदा नकाशा लागला. तो त्याच्याच जुन्या कचेरीतून आणायचा होता, आणि तिथल्या खिडकीतल्या बाईने त्याला ओळखूनही रांगेच्या शेवटी पाठवलं, कारण हा नियम त्यानेच काढला होता. तिसऱ्यांदा साक्षीदार हवा होता : ही हकिकत घराबाहेरच्या जुन्या माणसांकडून ऐकलेला.

साक्षीदार म्हणून कूमखेरीज कोणाला न्यायचं? ब्लागोटाने मन घट्ट करून क्रस्टोला वही दाखवली. क्रस्टो बराच वेळ पानाकडे बघत राहिला. ब्लागोटाला ज्या तोंडाची आस होती ते तोंड झालं, पण क्षणभरच. कूमने कूमसाठी साक्ष द्यायची असते, आणि ती हात राखून द्यायची नसते. क्रस्टो समितीसमोर उभा राहिला आणि आपल्या आजोबांनी आपल्याला काय सांगितलं ते त्याने सांगितलं : राजाने त्या घरात मेंढीचं मटण मागून घेऊन खाल्लं, माशानच्या बायकोच्या हातच्या चीजचं कौतुक केलं, आणि निघताना डोळे पुसले. आजोबा क्रस्टोच्या जन्माआधी तीन वर्षं वारले होते. समितीने ते विचारलं नाही.

समितीची चिटणीस होती अंद्रियाना, दस्तऐवजांत वाढलेली तिशीतली मुलगी. ती घर बघायला आली, भिंती मोजल्या, आणि जाताना दोन्ही मजल्यांच्या दारांवर एकेक कागद चिकटवून गेली : चौकशी पूर्ण होईपर्यंत या वास्तूत खिळाही ठोकू नये. त्याच वेळी गवंडी हत्यारं घेऊन पायऱ्या चढत होता. त्याने कागद वाचला, आनंदाने खांदे उडवले आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांची कामं घ्यायला निघून गेला. परत केव्हा, विचारलं तर म्हणाला, राजा परवानगी देईल तेव्हा.

विदोसावाने त्या रात्रीपासून पायऱ्या मोठ्याने मोजत उतरायला सुरुवात केली.

पंधरा दिवसांनी अंद्रियाना परत आली. ती म्हणाली, 'काका, एक अडचण आहे. नोंद १९०८ ची आहे. तेव्हा इथे राजा नव्हताच. प्रिन्स होता.'

ब्लागोटाने तोंड उघडलं, आणि रोज नाश्त्याला म्हटलेलं वाक्य आता त्याच्याच आड आलं. सुदैवाने बाकावर क्रस्टो होता. एकदा साक्ष दिल्यानंतर आता हा राजा निम्मा त्याचाही होता.

'कुठल्या राजाबद्दल बोलतेस मुली?' क्रस्टो शांतपणे म्हणाला. 'प्रिन्सचा जावई राजा नव्हता का? इटलीचा?'

जावई १९०८ साली चांगला आठ वर्षं राजा होता, हे अंद्रियानालाही नाकारता येईना. कोटोरचं बंदर, म्हणजे समुद्रावरून आलेला. भिजलेला, म्हणजे गुप्तपणे आलेला. पण सासऱ्याचा राजवाडा चारशे पावलांवर असताना जावई मालवाल्याच्या खालच्या खोलीत का निजेल, असं तिने विचारलं.

'रुसला असेल,' क्रस्टो म्हणाला. 'जावई रुसतात. माझा दोन वर्षं आला नाही.'

'स्वभाव वाईट असं स्पष्टच लिहिलंय,' ब्लागोटाने जोड दिली.

दुपारपर्यंत हे कॉफीच्या दुकानात पोचलं आणि संध्याकाळपर्यंत त्याला कारण, हुंडा आणि बायकोची मनधरणी करणारी पत्रंही लाभली. सल्ले सुरू झाले. औषधवाला म्हणाला, फलक इटालियनमध्येही हवा. शाळेच्या जुन्या संगीत मास्तरांनी फलक उघडताना कुठली धून वाजवावी यावर दोन पानं लिहून आणली. कोणी म्हणालं, खालच्या खोलीत पलंग ठेवा, मखमलीची दोरी बांधा. कोपऱ्यावरची म्हातारी म्हणाली, राजा निजला त्या जागी तुम्ही न्हाणीघर केलंत, लाज नाही वाटली? ब्लागोटाला ती वाटू लागली. तो अंघोळीला जाताना टोपी काढून जाऊ लागला. दुकानात शिरताना लोक खरोखरच आधी मान हलवत होते, आणि तो सवडीने. ते दहा-बारा दिवस त्याच्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

मग पाऊस लागला. विदोसावा पुन्हा घसरली. पडली नाही, कठडा धरला, पण गुडघा कणकेसारखा फुगला. आता तिला उतरताना ब्लागोटाच्या खांद्यावर हात ठेवावा लागे, आणि तो राजाच्या विचारात असल्यामुळे खांदा नेहमी एक पायरी पुढे असे.

त्या आठवड्यात अंद्रियाना पुन्हा मोजमापं घ्यायला आली तेव्हा ब्लागोटा दुकानात मान हलवून घ्यायला गेला होता. विदोसावाने तिला आलुबुखाराचा केक दिला, कॉफी दिली, आणि वही उघडून समोर ठेवली.

'मी शिकलेली नाही,' ती म्हणाली, 'पण घरखर्च लिहिते. माणूस वहीत ज्याच्या शेजारी जे लिहितो ते त्याच्या डोक्यात शेजारी असतं. राजाच्या वरती काय लिहिलंय बघ. मीठ, दोन गोणी. आणि खाली?'

अंद्रियानाने वाचलं. 'नाल, चार.'

'हं,' विदोसावा म्हणाली. 'आणखी घे केक.'

अंद्रियानाने केक घेतला आणि दुसऱ्या दिवशी जुन्या पोलीस ठाण्याचे कागद काढले. हे ब्लागोटाला कधीच कळलं नाही आणि आता कळवण्यात अर्थही नाही.

कागद घेऊन ती आली तेव्हा ब्लागोटा आणि क्रस्टो दोघंही खाली पिंपांपाशी बसले होते, फलकावर 'महाराज' हा शब्द घालावा की न घालावा यावर विचार करत. ती म्हणाली, राजा सापडला. दोघं उठून उभे राहिले. तिने वाचायला घेतलं.

सप्टेंबर १९१०. मालवाहू माशान रादुनोविच बाजाररस्त्यावर आपल्या खेचराला काठीने मारत, 'चल राजा, ऊठ, तुझ्याइतका फुकटखाऊ अख्ख्या मुलखात नाही' असं मोठ्याने ओरडताना आढळला. ठाण्यावर आणून समज दिली, की आता देशात राजा झाला आहे, सबब खेचराचं नाव बदलावं. आरोपीचं म्हणणं : 'माझं खेचर दोन वर्षांपासून राजा आहे. तो दुसरा परवा झाला. नाव बदलायचंच तर मागून आलेल्याने बदलावं.' सात दिवसांची कैद. सुटताना आरोपीने नाव बदलल्याचं कळवलं. खेचराचं नाव 'प्रिन्स' ठेवलं आहे, कारण ती जागा सध्या रिकामी आहे.

क्रस्टो म्हणाला, त्याला घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. कूमच्या तोंडावर हसायचं नसतं, म्हणून तो गेला, दार लावलं, खिडक्या लावल्या आणि मग हसला. पण जुन्या खिडक्या. आवाज सगळा रस्त्याच्या या बाजूला आला. ब्लागोटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दरबारच्या मालाची व्यवस्था. मटण मागून खाल्लं. डोळे पुसले. त्याने अंघोळीच्या वेळी टोपी काढली होती, एका खेचरासाठी.

विदोसावाने तोवर किटली ठेवली होती. कॉफीसाठी नव्हे, वहीचं चिकटलेलं पान तिने वाफेवर धरलं, सुरी हलकेच सरकवली आणि पान सुटलं. तिने ते अंद्रियानाला वाचायला दिलं. 'राजाने आज कूम पेरोला लाथ मारली. पुढचे दोन दात. कूम म्हणाला कोणाला सांगू नकोस.'

पेरो म्हणजे क्रस्टोचे पणजोबा. त्यांची तसबीर क्रस्टोच्या बैठकीत आहे, तोंड मिटलेली, आणि ते दोन दात तुर्कांशी हातघाई झाली त्यात गेले असं तीन पिढ्या पाहुण्यांना सांगितलं गेलं आहे. विदोसावाने खिडकीतून क्रस्टोला हाक मारली. तो डोळे पुसत आला, वाचलं, आणि त्याच्या घरातलं हसू त्याच्या घरातच राहिलं. दोघे कूम बाकावर शेजारी बसले. एकमेकांकडे बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

आता प्रकरण मिटेल असं ब्लागोटाला वाटलं. पण समिती हरखली होती. राजे झोपलेली घरं गावात पुष्कळ, आणि त्यातली निम्मी पुराव्याशिवाय. पण तारीखवार पुराव्यासह मालवाहू खेचराचा गोठा, तोही राजद्रोही खेचराचा, हा एकच. निकाल आला. खालचा मजला ऐतिहासिक. तो मूळच्या स्थितीत आणावा : न्हाणीघर काढावं, पिंपं हलवावीत, गव्हाण बसवावी. खर्च समितीचा. वरच्या मजल्याला कोणतंही ऐतिहासिक महत्त्व नाही. मालकाने तिथे हवं ते करावं. खाली मालकाची सही हवी होती. फलकाचा मजकूरही सोबत होता, आणि त्यात खेचराचं नाव माशानच्या नावाआधी होतं.

'मी अर्ज मागे घेतो,' ब्लागोटा म्हणाला. 'माझ्या दारावर खेचर लागणार नाही. लोक काय म्हणतील ते तुला माहीत नाही.'

'घे,' विदोसावा म्हणाली. ती पलंगावर पाय लांब करून बसली होती, गुडघ्यावर कोबीचं पान बांधून. 'तुझं घर, तुझे पणजोबा. अर्ज मागे घेतलास की कागद निघतील, सगळं होतं तसं राहील. गवंडी म्हणालाय पुढच्या वसंतात बघू. मी उतरत जाईन तोवर.'

यात टोमणा नव्हता. तो असता तर ब्लागोटाला भांडता आलं असतं. तो तिच्या गुडघ्याकडे बघत बसला, मग कागदाकडे, मग बाहेर, जिथे पायऱ्यांवरून पाणी पायरी पायरी उतरत होतं.

'मागून आलेल्याने बदलावं,' तो अखेर स्वतःशीच म्हणाला. 'म्हाताऱ्याने राजाच्या ठाण्यावर बसून सांगितलं. सात दिवस भोगले, पण सांगितलं.' आणि त्याने पेन मागितलं. सही करताना त्याचा हात कारकुनाला शोभेल इतका स्थिर होता.

न्हाणीघर नोव्हेंबरात वर आलं, पांढऱ्या फरश्यांचं, पलंगापासून सहा पावलांवर. खालचं जाऊन तिथे गव्हाण आणि गवत आलं. पिंपं क्रस्टोच्या तळघरात गेली, तिथून ती थोडी थोडी रिकामी होतात असा ब्लागोटाला संशय आहे. पण कूमला विचारता येत नाही. पाहुणे फलकापाशी उभे राहून फोटो काढतात, आणि दुकानात ब्लागोटा शिरला की कोणीतरी हलकेच टाचांनी फरशीवर टपटप करतं.

तर कोणी काय दिलं ते असं. पितळ आणि गवत समितीने दिलं. वरच्या फरश्या, नळ आणि गवंड्याचे वाढीव दर ब्लागोटाने दिले, आणि शिवाय पिंपांची खोली आणि दुकानातली मान. पेरोने दोन दात दिले आणि क्रस्टोने त्या दातांची लढाई. माशानने सात दिवस दिले. विदोसावाने केकचे दोन तुकडे आणि किटलीभर वाफ. राजा तीन रात्री राहिला, उत्तम जेवला, आणि राजांच्या रिवाजाप्रमाणे काहीही न देता निघून गेला.